पोलिसांची पडताळणी पोलिसांकडूनच: चेन्नईतील भरती आणि तिच्यावरील देखरेख

पोलीस शिपायाच्या निवडीत शेवटचा शब्द एका छोट्या अहवालाचा असतो. उमेदवार राहतो त्या भागातील पोलीस ठाण्यातून हा अहवाल निघतो. उमेदवाराचे चारित्र्य आणि पूर्वेतिहास दलात घेण्याजोगा आहे किंवा नाही, हे त्यात नमूद असते. हा अहवाल कोणी तपासावा, त्यात चूक झाल्यास ती कोणी दुरुस्त करावी आणि तो वर्षानुवर्षे आलाच नाही तर काय करावे, या प्रश्नांवर मद्रास उच्च न्यायालयात व सर्वोच्च न्यायालयात दीर्घकाळ वाद सुरू आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांच्या पोलिसांना अशा पडताळणीसाठी सहा महिन्यांची मुदत घालून दिली. तामीळनाडूमध्ये या विषयाचे नियम इतर अनेक राज्यांपेक्षा तपशीलवार आहेत. त्यामुळे चेन्नईतील घडामोडींवरून या पद्धतीचे गुण आणि दोष दोन्ही स्पष्ट दिसतात.

तामीळनाडू गणवेशधारी सेवा भरती मंडळाची स्थापना १९९१ मध्ये झाली. मंडळाचे कार्यालय चेन्नईच्या एग्मोर भागात, पॅन्थिऑन मार्गावरील जुन्या पोलीस आयुक्तालयाच्या आवारात आहे. पोलीस शिपाई, उपनिरीक्षक, तुरुंग रक्षक व अग्निशामक यांची निवड हे मंडळ करते. शिपाई, तुरुंग रक्षक व अग्निशामक या पदांच्या एकत्रित भरतीसाठी २०२२ मध्ये ३,५५२ जागा जाहीर झाल्या, तर २०२३ मध्ये ३,३५९. लेखी परीक्षा, शारीरिक मोजमाप, पुरुषांसाठी १,५०० मीटर धावणे, दोरावर चढणे, उडी अशा चाचण्या पार करून उमेदवाराचे नाव निवड यादीत येते. मात्र मंडळाचे काम तेथे संपते. नियुक्तीचा आदेश काढण्याचा अधिकार नियुक्ती प्राधिकाऱ्याचा, म्हणजे जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाचा आणि विशेष पोलीस दलाच्या तुकडीत समादेशकाचा असतो. हे विशेष पोलीस दल म्हणजे महाराष्ट्रातील राज्य राखीव पोलीस दलासारखे सशस्त्र दल होय. निवड यादी आणि नियुक्तीचा आदेश यांच्या मधल्या काळात पडताळणी होते.

अहवाल कसा तयार होतो

पडताळणीची सुरुवात उमेदवाराने स्वतः भरलेल्या नमुन्यापासून होते. महाराष्ट्रात शासकीय सेवेत प्रवेश करणाऱ्यांना तो 'साक्षांकन नमुना' या नावाने परिचित आहे. नाव, पत्ता, पूर्वी वास्तव्य केलेली ठिकाणे, शिक्षण, नातेवाईक यांच्याबरोबरच त्यात काही थेट प्रश्न असतात. आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला होता काय? अटक झाली होती काय? न्यायालयात खटला प्रलंबित आहे काय? न्यायालयाने शिक्षा दिली आहे काय? नमुन्याच्या शेवटी, माहिती खोटी आढळल्यास किंवा दडवून ठेवल्यास नियुक्ती रद्द होईल, असा इशारा छापलेला असतो.

नमुना उमेदवाराच्या भागातील पोलीस ठाण्याकडे जातो. ठाण्यातील नोंदवह्या, जिल्हा व राज्य पातळीवरील गुन्हे अभिलेख आणि अलीकडच्या काळात सर्व ठाण्यांना जोडणारी संगणकीय नोंद प्रणाली यांत उमेदवाराचे नाव शोधले जाते. एखादा अंमलदार घरी किंवा शेजारी जाऊन चौकशी करतो. पारपत्रासाठी घरी आलेल्या पोलिसाचा अनुभव असलेल्या वाचकांना या भेटीचे स्वरूप ठाऊक असेल. ही भेट कधी कसून केलेली, कधी दारातच उरकलेली असते. पारपत्राच्या बाबतीत एक खाते दुसऱ्या खात्यासाठी चौकशी करते. पोलीस भरतीत मात्र चौकशी करणारे, अहवाल देणारे, त्यावर निर्णय घेणारे आणि उद्या त्या उमेदवाराला आपल्यात सामावून घेणारे, सारे एकाच दलातील असतात. देखरेखीचा प्रश्न निर्माण होतो तो या कारणाने.

'गुंतलेला' कोणास म्हणावे?

तामीळनाडू विशेष पोलीस दुय्यम सेवा नियम १९७८ सालचे आहेत. त्यातील नियम १४(ब) अन्वये थेट भरतीच्या उमेदवाराने आपले चारित्र्य व पूर्वेतिहास सेवेस योग्य असल्याबद्दल नियुक्ती प्राधिकाऱ्याचे समाधान करणे आवश्यक आहे. पोलीस पडताळणीपूर्वी तो कोणत्याही फौजदारी प्रकरणात गुंतलेला नसावा, ही आणखी एक अट आहे. २००३ च्या दुरुस्तीनंतर या अटीला दोन स्पष्टीकरणे जोडलेली आहेत आणि खरा वाद त्यांच्याभोवती आहे.

पहिल्या स्पष्टीकरणानुसार, संशयाचा फायदा मिळून किंवा फिर्यादी फितूर झाल्यामुळे सुटलेली व्यक्तीही गुन्ह्यात गुंतलेलीच समजावी. दुसऱ्यानुसार, पडताळणीच्या वेळी खटला प्रलंबित असेल आणि पुढे त्यात सन्मानपूर्वक निर्दोष मुक्तता झाली, अथवा वस्तुस्थितीच्या गैरसमजातून गुन्हा नोंदला गेल्याचे ठरले, तर ती व्यक्ती गुंतलेली नाही असे मानावे. या दुसऱ्या प्रकाराशी महाराष्ट्रातील पोलिसांच्या भाषेतील 'क' समरीचे बरेच साम्य आहे. मात्र अशा उमेदवाराला नियुक्तीचा हक्क सांगायचा असेल तर तो पुढच्या भरतीत सहभागी होऊनच सांगता येतो.

एका काल्पनिक उदाहरणावरून या नियमाची धार लक्षात येईल. गावच्या उत्सवात दोन गटांत हाणामारी होते. पोलीस दोन्ही बाजूंच्या वीस-वीस जणांवर गुन्हा नोंदवितात. पुढे गाव समेट करते, साक्षीदार न्यायालयात आपल्याला काही आठवत नसल्याचे सांगतात आणि सर्व आरोपी सुटतात. त्यांपैकी एक तरुण त्या दिवशी प्रत्यक्ष हाणामारीत होता, तर दुसऱ्याचे नाव केवळ भावकीच्या वैरातून घातले गेले होते. निकालपत्रात दोघांची सुटका एकाच वाक्यात झालेली असते. पहिल्या स्पष्टीकरणाच्या दृष्टीने दोघेही गुंतलेले ठरतात. निर्दोष तरुणाला आपले निर्दोषत्व सिद्ध करण्याची संधी खटल्यात मिळालेलीच नसते, कारण साक्षीदार फितूर होताच खटला संपतो.

मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठापुढे हा नियम आला आणि २००८ मध्ये त्याचा निकाल लागला. संशयाचा फायदा मिळून सुटलेल्या व्यक्तीला पोलीस सेवेसाठी अपात्र मानणे बेकायदा अथवा असमर्थनीय म्हणता येणार नाही, असे पीठाने ठरविले. अर्जात गुन्ह्याची किंवा प्रलंबित खटल्याची माहिती न देणाऱ्याचा अर्ज महत्त्वाची बाब लपविल्याच्या कारणावरून फेटाळता येईल, मग खटल्याचा अंतिम निकाल काहीही असो, असेही या निकालात म्हटले आहे. तामीळनाडूतील भरतीच्या वादांत हा निकाल सातत्याने आधार म्हणून पुढे केला जातो.

'सन्मानपूर्वक निर्दोष मुक्तता' हा शब्दप्रयोग कायद्याच्या पुस्तकात शोधून सापडत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेत तो नव्हता. तो सेवा नियमांतून आणि न्यायालयीन निकालांतून रूढ झाला. त्याचा अर्थ उलगडणारा सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल तामीळनाडूतीलच आहे. दक्षिण तामीळनाडूतील एका बसस्थानकावर १९९९ मध्ये एका विवाहितेशी गैरवर्तन केल्याचा आरोप असलेला पोलीस कर्मचारी फौजदारी खटल्यातून सुटला, पण खात्याने त्याला सेवेतून काढले. नोव्हेंबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खात्याची कारवाई कायम ठेवली. साक्षीपुराव्याचा पूर्ण विचार होऊन आरोप सिद्ध करण्यात फिर्यादी पक्ष सपशेल अपयशी ठरला, तरच मुक्तता सन्मानपूर्वक म्हणता येईल, असा या निकालाचा आशय आहे. बसस्थानके व सार्वजनिक ठिकाणी साध्या वेशातील महिला पोलीस नेमण्याविषयीचे देशव्यापी निर्देशही याच निकालात आहेत. महिलांच्या छेडछाडीविषयीच्या चर्चेत हा निकाल आठवला जातो तो त्यामुळे. पोलीस भरतीच्या प्रकरणांत मात्र त्याचा पहिला भाग अधिक कामी येतो.

हा कडकपणा समजण्याजोगा आहे. शिपायाच्या हाती अटकेचा अधिकार, शस्त्र आणि सामान्य माणसाचे घर उघडण्याची मुभा येते. साक्षीदार धमकावून सुटलेला माणूस उद्या त्याच साक्षीदारांच्या गावात गणवेश घालून उभा राहू नये, ही अपेक्षा अवाजवी नाही. अडचण आहे ती नियम ज्या नोंदीवर उभा आहे त्या नोंदीच्या विश्वासार्हतेची.

नोंद करणारे आणि नोंद वाचणारे

एखाद्याचे नाव प्रथम खबर अहवालात येणे हे पुष्कळदा पोलिसांच्या विवेकावर अवलंबून असते. तामीळनाडूच्या अलीकडच्या इतिहासात याची दोन ठळक उदाहरणे आहेत. कुडनकुळम अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात २०११ व २०१२ मध्ये किनारपट्टीच्या गावांतील हजारो लोकांवर गुन्हे नोंदविण्यात आले. त्यांत राजद्रोहासारखी गंभीर कलमेही होती आणि पुष्कळ आरोपींची नावेच नोंदलेली नव्हती. मे २०१३ मध्ये प्रकल्पाला हिरवा कंदील दाखविणाऱ्या निकालातच सर्वोच्च न्यायालयाने, शांतता प्रस्थापित व्हावी यासाठी आंदोलकांवरील फौजदारी प्रकरणे मागे घेण्याचा प्रयत्न करावा, असे सुचविले.

दुसरे उदाहरण तुतुकुडीचे. स्टरलाइट ताम्र प्रकल्पाविरुद्धच्या मोर्चावर मे २०१८ मध्ये झालेल्या पोलीस गोळीबारात १३ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर मोठ्या संख्येने गुन्हे नोंदले गेले. या घटनेच्या चौकशीसाठी नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती अरुणा जगदीशन आयोगाने मे २०२१ मध्ये अंतरिम अहवाल सादर केला. त्यानंतर राज्य सरकारने आंदोलकांवरील बहुतांश गुन्हे मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला. त्याचबरोबर अटक झालेल्यांच्या उच्च शिक्षणात व नोकरीत त्या अटकेचा अडसर होऊ नये म्हणून त्यांना ना-हरकत प्रमाणपत्र देण्याचेही जाहीर झाले. गुन्हा मागे घेतला तरी पडताळणीच्या वहीतील नोंद मागे राहते आणि तिचा त्रास तरुणांना वर्षानुवर्षे होतो, याची ही अधिकृत कबुलीच होती. ना-हरकत प्रमाणपत्राचा उपाय मात्र एका विशिष्ट घटनेपुरता होता. एखाद्या खेड्यातील किरकोळ प्रकरणात नाव आलेल्या मुलासाठी कोणी आयोग नेमत नाही.

दिल्ली ते चेन्नई: न्यायालयांचे हेलकावे

सर्वोच्च न्यायालयाची या विषयातील भूमिका बराच काळ एकसारखी नव्हती. मार्च २०११ मध्ये न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांच्या पीठाने दिल्ली पोलीस दलातील एका उमेदवाराची बाजू उचलून धरली. वीस वर्षांच्या वयात घडलेल्या मारामारीची माहिती त्याने अर्जात दिली नव्हती. तरुण वयातील चुकांकडे क्षमाशील दृष्टीने पाहावे, अशी या निकालाची भूमिका होती. व्हिक्टर ह्यूगो यांच्या 'ले मिझराब्ल' कादंबरीतील, पावाच्या एका तुकड्यासाठी जन्मभर गुन्हेगार ठरलेल्या जाँ व्हालजाँचा दाखला त्यात देण्यात आला. न्यायमूर्ती काटजू २००४-०५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते.

दोन वर्षांनी, जुलै २०१३ मध्ये, दिल्ली पोलिसांच्याच दुसऱ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उलट दिशेने निकाल दिला. समेटामुळे सुटलेल्या उमेदवाराला नाकारण्याचा अधिकार दलाला आहे, असे न्यायालयाने म्हटले. या प्रकरणाचे आणखी एक महत्त्व आहे. दिल्ली पोलिसांनी २०१० च्या स्थायी आदेशान्वये अशा उमेदवारांसाठी वरिष्ठ अधिकाऱ्यांची छाननी समिती नेमली होती. गुन्ह्याचे स्वरूप, निकालाची कारणे, उमेदवाराची भूमिका यांचा विचार करून ही समिती मत देई. ठाण्यातील अहवाल आणि अंतिम निर्णय यांच्या मध्ये कोणीतरी बसून कागद पुन्हा वाचतो, एवढी व्यवस्था तेथे झाली. समिती दलातीलच असली तरी तिला कारणे लिहावी लागत आणि न्यायालयाला ती कारणे तपासता येत.

परस्परविरोधी निकालांमुळे हा प्रश्न अखेर तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेला. २१ जुलै २०१६ रोजी 'अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात न्यायालयाने काही सूत्रे घालून दिली. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असावी. किरकोळ स्वरूपाचा गुन्हा, उदाहरणार्थ तरुणपणी दिलेल्या घोषणा, लपविला गेला असल्यास नियुक्ती प्राधिकारी त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. माहिती खरी दिलेली असली तरीही पूर्वेतिहासाचा विचार करण्याचा अधिकार मालकाला राहतो. पदाचे स्वरूप लक्षात घ्यावे. सेवेत कायम झालेल्या कर्मचाऱ्याला खात्यांतर्गत चौकशीशिवाय काढता येणार नाही. आणखी एक सूत्र अनेकदा दुर्लक्षित राहते: माहिती दडविल्याचा ठपका ठेवायचा असेल तर नमुन्यातील प्रश्न सुस्पष्ट असला पाहिजे. जे विचारलेच नाही, ते सांगितले नाही म्हणून शिक्षा करता येत नाही.

या सूत्रांनंतरही हेलकावे थांबले नाहीत. एकट्या २०२२ मध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाला दिलासा मिळाला, तर केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या दुसऱ्याला नाकारण्यात आला. फेब्रुवारी २०२४ मधील उत्तर प्रदेशचे प्रकरण विशेष उद्बोधक आहे. संबंधित शिपाई खटल्यातून आधीच सुटला होता, मात्र त्याने प्रतिज्ञापत्रात खटल्याचा उल्लेख केला नव्हता. प्रत्यक्ष चौकशी करणाऱ्या ठाण्याने त्याच्याविषयी चांगले मत दिले होते. असे असूनही वरच्या कार्यालयाने केवळ उल्लेख नसल्याच्या कारणावरून निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा बहाल केली. ज्या पडताळणीसाठी एवढा खटाटोप करायचा, तिचे निष्कर्ष निर्णय घेणाऱ्याने वाचलेच नाहीत, असा हा प्रकार होता.

अल्पवयीन असताना घडलेल्या कृत्यांची बाब वेगळी आहे. बाल न्याय कायद्यानुसार त्यांची अपात्रता पुढे चिकटत नाही, आणि २०१९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातील एका उपनिरीक्षकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याला दुजोरा दिला.

न दिसणारी चूक

वर उल्लेखिलेल्या प्रकरणांत एक समान धागा आहे. प्रत्येक ठिकाणी नाकारला गेलेला उमेदवार न्यायालयात गेला. चेन्नईतील उच्च न्यायालय आणि २००४ पासून कार्यरत असलेले त्याचे मदुराई खंडपीठ यांच्याकडे राज्यघटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली अशा याचिका येतात आणि पडताळणीवर बाहेरची नजर पडते ती त्या निमित्ताने. वकिलाचा खर्च न पेलणारा उमेदवार या देखरेखीच्या कक्षेत येतच नाही.

याहून गंभीर उणीव निराळी आहे. पडताळणीत दोन प्रकारच्या चुका संभवतात. लायक माणूस बाहेर राहणे ही पहिली, आणि नालायक माणूस आत येणे ही दुसरी. पहिल्या चुकीविरुद्ध दाद मागणारा कोणीतरी असतो. दुसऱ्या चुकीत नुकसान ज्याचे व्हायचे असते, त्याला ते होईपर्यंत काहीच ठाऊक नसते. उथळ चौकशी करून 'आक्षेपार्ह काही आढळले नाही' असा शेरा मारलेले अहवाल कोणत्याही न्यायालयापुढे येत नाहीत.

इतर देशांना हा धडा मोठी किंमत मोजून मिळाला. मार्च २०२१ मध्ये लंडनमधील एका तरुणीचे अपहरण करून तिचा खून करण्यात आला. गुन्हेगार लंडन पोलीस दलातील कार्यरत अंमलदार निघाला. त्यानंतर इंग्लंड व वेल्सच्या पोलीस दलांची तपासणी करणाऱ्या स्वतंत्र निरीक्षणालयाने भरतीच्या पडताळणीची पाहणी केली. नोव्हेंबर २०२२ च्या अहवालात, तपासलेल्या ७२५ प्रकरणांपैकी १३१ प्रकरणांतील निर्णय किमान शंकास्पद असल्याचे नमूद करण्यात आले. हे निर्णय उमेदवारांना आत घेणारे होते. कोणीही तक्रार केली नसताना बाहेरच्या यंत्रणेने मंजूर झालेली प्रकरणे उघडून वाचली, म्हणून ते उजेडात आले.

अमेरिकेत पूर्वेतिहास चौकशीचे काम मोठ्या प्रमाणावर खासगी कंपन्यांकडे होते. त्यांपैकी यूएसआयएस या कंपनीने २००८ ते २०१२ या काळात किमान ६,६५,००० प्रकरणे वरिष्ठांच्या पूर्ण छाननीशिवाय पूर्ण झाल्याचे दाखविले, असा आरोप तेथील न्याय खात्याने २०१४ मध्ये केला. गोपनीय माहिती उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांची २०११ मधील फेरचौकशी याच कंपनीने केली होती. २०१५ मध्ये किमान ३ कोटी डॉलरवर पाणी सोडून कंपनीने हा वाद मिटविला. आरोपाचा रोख चौकशी करणाऱ्यांपेक्षा चौकशी तपासणाऱ्या टप्प्यावर होता, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

भारतात आणखी एक वाट या सर्व पडताळणीला वळसा घालून जाते. ती स्वयंसेवकांची. तामीळनाडूत १९९३ मध्ये रामनाथपुरमचे तत्कालीन पोलीस अधीक्षक प्रदीप फिलिप यांनी 'फ्रेंड्स ऑफ पोलीस' हा उपक्रम सुरू केला. नागरिकांनी गस्त, वाहतूक, गर्दीचे नियमन यांत पोलिसांना साह्य करावे, हा त्याचा हेतू होता. जून २०२० मध्ये सात्तानकुळम येथे पोलीस कोठडीतील मारहाणीनंतर पितापुत्राचा मृत्यू झाला आणि त्या वेळी ठाण्यात असे स्वयंसेवक उपस्थित असल्याचे आरोप झाले. संघटनेने आपल्या सदस्यांचा संबंध नाकारला. जुलै २०२० मध्ये सरकारने राज्यभर या उपक्रमावर बंदी घातली. नियमित शिपायासाठी नियम १४(ब) आणि ठाण्यात वावरणाऱ्या स्वयंसेवकासाठी त्या तोडीची कोणतीही चाळणी नाही, ही विसंगती त्या प्रकरणाने समोर आणली. चार वर्षांनी कोलकात्यातील आर. जी. कर रुग्णालयात डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला. त्यातील आरोपी, जो जानेवारी २०२५ मध्ये दोषी ठरला, पोलिसांचा नागरी स्वयंसेवक होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगाल सरकारला अशा स्वयंसेवकांची नेमणूक कशी होते आणि त्यांची पडताळणी कशी केली जाते, याचा तपशील प्रतिज्ञापत्राद्वारे मागितला.

पोलीस तक्रार प्राधिकरणांकडून या बाबतीत फारशी अपेक्षा करता येत नाही. सप्टेंबर २००६ च्या पोलीस सुधारणाविषयक निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली अशी प्राधिकरणे स्थापन करण्यास सांगितले होते. तामीळनाडूच्या २०१३ च्या पोलीस सुधारणा अधिनियमाने राज्य प्राधिकरणाचे अध्यक्षपद गृहसचिवांकडे दिले आणि पोलीस महासंचालकांना सदस्य केले. त्यामुळे स्वतंत्र प्राधिकरणाचा हेतूच विफल होतो, अशी टीका झाली आणि हा वाद उच्च न्यायालयातही गेला. शिवाय या प्राधिकरणाचा विषय सेवेतील पोलिसांचे गैरवर्तन हा आहे. भरतीच्या वेळची चौकशी नीट झाली काय, हे पाहणे त्याच्या कामात मोडत नाही.

सहा महिन्यांची मुदत

५ डिसेंबर २०२४ चा निकाल ज्या प्रकरणात आला ते पोलीस भरतीचे नव्हते. पश्चिम बंगालमध्ये १९८५ साली शासकीय सेवेत नेमल्या गेलेल्या एका नेत्रचिकित्सा साहाय्यकाविषयीचा पडताळणी अहवाल पोलिसांनी २०१० मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी, पाठविला. निवृत्ती दोन महिन्यांवर असताना त्याला सेवेतून काढण्यात आले. न्यायमूर्ती जे. के. माहेश्वरी आणि न्यायमूर्ती आर. महादेवन यांच्या पीठाने ती कारवाई रद्द केली. न्यायमूर्ती महादेवन हे सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी मद्रास उच्च न्यायालयात होते. शासकीय सेवेत नेमल्या जाणाऱ्यांचे चारित्र्य, पूर्वेतिहास, नागरिकत्व व कागदपत्रांची सत्यता यांविषयीचा अहवाल नियुक्तीपासून सहा महिन्यांत द्यावा आणि पडताळणीनंतरच नियुक्ती नियमित करावी, असे निर्देश पीठाने सर्व राज्यांच्या पोलिसांना दिले.

तामीळनाडूच्या पोलीस भरतीत ही मुदत पूर्णपणे लागू पडत नाही. तेथील नियमाप्रमाणे पडताळणी नियुक्तीच्या आधी व्हावी लागते, तर सर्वोच्च न्यायालयाने घातलेली मुदत नियुक्तीपासून मोजली जाते. ज्याच्या नावापुढे एखाद्या प्रलंबित खटल्याची नोंद निघते, त्याची नियुक्तीच झालेली नसते. त्याचे सोबती प्रशिक्षणाला जातात आणि तो खटल्याच्या निकालाची वाट पाहत राहतो. निकाल सन्मानपूर्वक मुक्ततेचा लागला तरी दुसऱ्या स्पष्टीकरणानुसार त्याला पुढच्या भरतीत सुरुवातीपासून उतरावे लागते, पुन्हा लेखी परीक्षा, पुन्हा १,५०० मीटर, पुन्हा दोर. २०२२ च्या भरतीत शिपाईपदासाठी खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा २६ वर्षे होती. फौजदारी खटला चार-पाच वर्षे चालणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. बाविसाव्या वर्षी निवडला गेलेला तरुण निर्दोष ठरेपर्यंत ती मर्यादा ओलांडून गेलेला असू शकतो, आणि स्पष्टीकरणाच्या शब्दांत पुढच्या भरतीचा उल्लेख आहे, वयातील सवलतीचा नाही.